हातांच्या विद्येचा मान

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या जोडारी विभागात, ज्याला संस्थेतली मुले आणि कारखानदार दोघेही फिटर या नावानेच ओळखतात, नव्याने दाखल झालेल्या मुलाच्या हाती प्रथम येते ते कोणतेही यंत्र नसते. एक कानस, एक गुण्या आणि करवतीने ओबडधोबड कापलेला मऊ पोलादाचा तुकडा एवढीच त्याची सामग्री असते. हा तुकडा व्हाइसमध्ये पक्का धरून, डावा पाय पुढे आणि उजवा मागे असा पवित्रा घेऊन, त्याने तो घासावयाचा असतो. आणि हे घासणे वरकरणी जितके सोपे दिसते तितके ते मुळीच नसते. कानस पुढे सरकू लागते तेव्हा डाव्या हाताचा दाब अधिक हवा, मध्यावर दोन्ही हातांचा समसमान हवा, आणि शेवटास उजव्याचा अधिक हवा. दाबाचा हा तोल किंचित जरी ढळला तरी कानस झोके खाते आणि तुकड्याचा पृष्ठभाग सपाट होण्याऐवजी मधोमध फुगतो. कानशीच्या दातांत किस अडकून ओरखडे उठू नयेत म्हणून तिच्यावर खडू घासावा लागतो. आखणीची रेषा स्पष्ट उमटावी म्हणून पोलादावर मोरचुदाचे पाणी फिरवून तांबूस थर चढवावा लागतो. आणि सर्व सोपस्कार झाल्यावर गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरावा लागतो. गुण्याचे पाते आणि धातू यांच्यामधून प्रकाशाची बारीकशी चीर दिसली, तर काम पुरे झालेले नाही. अशा वेळी निदेशक बहुधा काही बोलत नाहीत, तुकडा परत देतात, आणि मुलगा पुन्हा आपल्या जागी जाऊन उभा राहतो.

पहिल्या काही आठवड्यांत तळहाताला फोड येतात, खांदे भरून येतात आणि पुष्कळांच्या मनात संस्था सोडून जाण्याचा विचार डोकावतो. परंतु जो टिकतो त्याच्या हाताला हळूहळू एक निराळेच ज्ञान येऊ लागते. दोन दशांश, चार दशांश ही आजवर केवळ वहीत भेटलेली अक्षरे त्याला आता बोटांनी कळू लागतात. व्हर्निअरवर एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचता येऊ लागतो. आणि पुढे जेव्हा दोन तुकडे एकमेकांत असे बसवावयाचे असतात की ते हाताने सरकावेत पण सैल वाजू नयेत, तेव्हा चूक लपविण्याची सोय कोठेच नाही हेही त्याला उमगते. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत पाल्हाळ लावून चार गुण पदरात पाडून घेता येतात. घासलेल्या पोलादापुढे पाल्हाळाचा उपयोग होत नाही. ज्या शिक्षणात विद्यार्थ्याला आपल्या कामाचा खरेपणा दररोज स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहावा लागतो, ते शिक्षण चारित्र्याच्या दृष्टीनेही उच्च कोटीचे मानले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तरीही आपल्या समाजात या विद्येची वाट ‘ज्याला दुसरे काही जमले नाही’ अशांसाठीच राखून ठेवलेली आहे, ही गोष्ट मला अतिशय क्लेशदायक वाटते.

या अवहेलनेचे मूळ शोधू गेल्यास ते आपल्या ग्रामव्यवस्थेत सापडते. सुताराच्या मुलाने सुतारकी, लोहाराच्या मुलाने लोहारकी आणि चांभाराच्या मुलाने चामड्याचे काम बापाच्या हाताखाली शिकावे, ही बलुतेदारीची पद्धत शतकानुशतके चालली, आणि तिने अप्रतिम कसबी माणसे घडविली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि त्या पद्धतीत कसब आणि जात यांची गाठ इतकी घट्ट मारलेली होती की, हाताने काम करणारा तो खालचा आणि लेखणी धरणारा तो वरचा ही उतरंड कसबाबरोबरच पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित होत राहिली. ज्याच्या अंगी उपजत गुण आहे पण जात निराळी आहे, अशा मुलाला ऐरणीजवळ जागा नव्हती. आणि ज्याची जात ती आहे पण मन दुसरीकडे ओढते, त्याला ऐरणीपासून सुटका नव्हती. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात मोडी, बालबोध आणि हिशेब यांच्या जोडीने शेतीचे प्राथमिक ज्ञानही असावे अशी मागणी केली, तिच्यामागे कष्टकऱ्याच्या मुलाला शाळेत त्याच्या जगण्याचा विषय भेटला पाहिजे हीच कळकळ होती. त्या मागणीची दखल शिक्षणखात्याने किती अल्प प्रमाणात घेतली, हे पुढील शंभर वर्षांचे अभ्यासक्रम चाळून पाहणाऱ्याच्या सहज ध्यानात येईल.

एकोणिसाव्या शतकाच्याच अखेरीस दोन संस्था उभ्या राहिल्या, आणि दोहोंचाही महाराष्ट्राच्या जीवनाशी निकटचा संबंध आला. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तिलाच आज आपण वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखतो. बडोद्यास १८९० साली सयाजीराव गायकवाडांनी कलाभवन काढले आणि त्याची सूत्रे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपविली. गज्जरांचा आग्रह असा होता की, रंगाई, यंत्रविद्या, रेखन हे विषय मुलाला त्याच्या मातृभाषेतून शिकविले गेले पाहिजेत. इंग्रजी येत नाही एवढ्याच कारणास्तव कोणा कारागिराच्या मुलाला रसायनशास्त्राचे दार बंद होता कामा नये. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून या कलाभवनात गेले आणि तेथे छायाचित्रणादी कला शिकले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा दिग्दर्शन, रसायनप्रक्रिया, वेषभूषा या सर्वांना हात लावणारा जो एकच माणूस त्यामागे होता, त्याची घडण पुस्तकी पदवीने नव्हे तर अशा हातांच्या शाळांनी केली होती, हे आपण सहसा सांगत नाही. भारतीय चित्रपटाच्या जनकाचे चरित्र शाळेत शिकविताना कलाभवनाला एक वाक्य तरी द्यावे, एवढी अपेक्षा अवाजवी नसावी.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा याहूनही बोधक आहे. चित्रकार होण्यासाठी ते जे. जे. कलाशाळेत गेले, रंगांचा भेद डोळ्यांना नीट कळत नाही असे आढळून आले, तेव्हा यांत्रिक रेखनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत अध्यापक झाले, आणि हक्काची बढती डावलली गेल्यावर ती नोकरी सोडून बेळगावास सायकलींच्या दुकानात येऊन बसले. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळ दिलेल्या माळरानावर त्यांनी जो कारखाना आणि जे गाव वसविले, तेथे माणसे निवडण्याची त्यांची रीत मला विशेष अभ्यसनीय वाटते. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक अभियंते झाले. परीक्षेत अपयश आलेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले. शंभूराव जांभेकरांसारखा शाळेची फारशी ओळख नसलेला माणूस कोणत्याही अडचणीच्या कामाला धावून जाणारा आधारस्तंभ ठरला. लोखंडी नांगराने जमिनीत विष कालवले जाते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांना तो नांगर पटवून द्यावयाचा, म्हणजे तो खरोखरच उत्तम घडविलेला असावा लागला. आणि तो घडविणारे हात प्रशस्तिपत्राने नव्हे, तर कामाने पारखलेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी सातारा-सांगलीच्या ओसाड माळावर जे साधले, त्याला कारण लक्ष्मणरावांची उद्यमशीलता तर होतीच. परंतु नापास शिक्क्याखाली दडलेला गुण ओळखण्याची त्यांची दृष्टी हे त्याहून मोठे कारण होते.

सरकारी यंत्रणेचा वृत्तांत मात्र संक्षेपाने सांगितला तरी चालेल. दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीमुळे तंत्रज्ञांची टंचाई भासू लागली आणि मध्यवर्ती सरकारच्या मजूरखात्याकडे तांत्रिक प्रशिक्षणाची योजना आली. १९४२ ते १९४६ या काळात त्या खात्याची धुरा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या खांद्यावर होती. युद्धोत्तर काळात सैन्यातून मोकळ्या झालेल्या जवानांच्या पुनर्वसनासाठी १९४५ साली स्वतंत्र महासंचालनालय निघाले, १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि तिच्यातूनच आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे घरोघरी बोलला जाणारा आयटीआय, देशभर पसरल्या. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आणि पाचशेहून अधिक खाजगी संस्था आहेत. बहुतेक प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तरी आहेच. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री, यंत्र कारागीर, साचेकार, नळ कारागीर अशी भारदस्त मराठी नावे त्यांच्या विभागांवरील पाट्यांवर वाचावयास मिळतात. पाटीखाली उभी असलेली मुले मात्र टर्नर, वेल्डर, वायरमन असेच म्हणतात.

या संस्थांनी केलेले एक मोठे सामाजिक कार्य आपल्या विचारवंतांच्या नजरेतून जवळजवळ निसटलेच आहे. वेल्डिंगच्या एका टेबलाशी आज मराठा शेतकऱ्याचा मुलगा, बौद्ध वस्तीतला मुलगा, धनगर आणि मुसलमान मुलगा शेजारी शेजारी उभे असतात, आणि चौघांच्याही डोळ्यांपुढे काळ्या काचेची तीच पट्टी असते. सुताराचे काम सुताराच्याच मुलाने करावे हा शेकडो वर्षांचा दंडक येथे कोणत्याही घोषणेवाचून, कोणत्याही परिषदेच्या ठरावावाचून मोडला गेला. मुलींच्या बाबतीत मात्र हे परिवर्तन अजून अर्ध्या वाटेवर आहे. महिलांसाठी स्वतंत्र संस्था आहेत, सर्वसाधारण संस्थांतही मुली येतात. परंतु शिवणकाम, सौंदर्यप्रसाधन आणि संगणक या विभागांत त्यांची जी गर्दी दिसते ती लेथवर किंवा वेल्डिंगच्या टेबलावर दिसत नाही, आणि याचे कारण मुलींच्या मनगटात नसून त्यांच्या घरच्यांच्या मनात आहे.

संस्थेत दोन वर्षे काढल्यावर मुलाने कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून एखादे वर्ष प्रत्यक्ष काम शिकावे, ही पुढची पायरी. तिच्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आहे. तो १ मार्च १९६२ पासून अंमलात आला. मी हा कायदा काळजीपूर्वक वाचला आहे, आणि वाचणाऱ्याला प्रथमदर्शनी त्याच्याविषयी आदरच वाटेल. उमेदवार आणि मालक यांच्यात रीतसर करारनामा व्हावा, त्याची नोंदणी व्हावी. मालक स्वतः त्या व्यवसायात तरबेज नसेल तर अर्हताप्राप्त माणसाकडे प्रशिक्षणाची सूत्रे सोपवावीत. शासनाच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मान्यतेवाचून उमेदवाराला जादा वेळ कामास लावू नये. कामावर इजा झाल्यास त्याला नुकसानभरपाई मिळावी. आणि उमेदवाराने आपला व्यवसाय मनोभावे व उद्योगशीलतेने शिकावा. अशी दोन्ही पक्षांची कर्तव्ये त्यात नमूद केलेली आहेत. त्याच कायद्याने असेही सांगितले आहे की उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. शिकणाऱ्याच्या संरक्षणासाठी लिहिलेले हे कलम त्याच्याच विरुद्ध कसे वापरले जाते, हे औद्योगिक वसाहतीत चार दिवस हिंडणाऱ्यास सहज दिसून येते.

एका मोठ्या वसाहतीतल्या, येथे नाव न घेता उल्लेखिलेल्या, कारखान्यात मी जी मुले पाहिली त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर शिकाऊ उमेदवार असे छापलेले होते आणि हातात दिवसभर एकच काम होते: पट्ट्यावरून येणारा भाग उचलावा, साच्यात बसवावा, बटण दाबावे, काढून पुढे ठेवावा. जोडारीच्या प्रमाणपत्रासाठी ज्या मुलाने दोन वर्षे गुण्या उजेडाकडे धरला, त्याला येथे वर्षभर गुण्या दिसत नाही. लेथ दुरुस्त कशी होते, साचा का झिजतो, मापात का फरक पडतो, हे सांगणारा माणूस पाळीवर असतो, पण त्याला शिकविण्यासाठी वेळ दिलेला नसतो आणि शिकविल्याबद्दल त्याच्या हजेरीपटात एक रेघही ओढली जात नाही. वर्ष संपले की मुलगा जातो आणि त्याच्या जागी नवा मुलगा येतो, तोही तेच बटण दाबतो. ही उमेदवारी नव्हे, स्वस्तातली मजुरी होय. आणि तिला शिक्षणाचे नाव देणे हा शिक्षणाचा अपमान आहे.

शासनाने या बाबतीत काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१४ च्या दुरुस्तीने मालकांना वाटणारी तुरुंगवासाची धास्ती काढून टाकली आणि शिक्षा दंडापुरती ठेवली. २०१६ साली केंद्राच्या योजनेने विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, आपल्याकडे घेतला. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके उमेदवार घेणे बंधनकारक केले आणि किमान विद्यावेतन पात्रतेनुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरविले. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली काढलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय झालेल्या तरुणास दरमहा ८,००० रुपये देण्याची तजवीज झाली. हे सारे आकडे जागांचे आणि रुपयांचे आहेत, आणि त्यांची गरज कोणीही अमान्य करणार नाही. परंतु कारखान्यात त्या मुलाला शिकविणार कोण, हा प्रश्न आकड्यांच्या या रांगेत कोठेच उभा नाही. आणि माझ्या मते साऱ्या व्यवस्थेचे मर्म त्या एका प्रश्नात साठविलेले आहे.

जर्मनीचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते, आणि बहुधा ते अर्धेच दिले जाते. तेथे मुलगा आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत शिकतो, शिक्षण दोन ते साडेतीन वर्षे चालते, १९६९ च्या कायद्याने त्याला बंदिस्त चौकट दिली आहे, हे आपण सांगतो. सांगत नाही ते असे की, कारखान्यात उमेदवारांना शिकविणाऱ्या माणसाला शिकविण्याची म्हणून वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि कसबात कितीही निष्णात असला तरी ती न देता सहसा त्याच्या हाती मुले सोपविली जात नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात एक तुलना नोंदविलेली आहे: बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामकऱ्यांपैकी पाच टक्क्यांहून कमी लोकांनी औपचारिक व्यवसायशिक्षण घेतलेले होते, तर हेच प्रमाण अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते. या दरीचे खापर बहुधा पालकांच्या पदवीमोहावर फोडले जाते. पण ज्या पालकाने आपल्या थोरल्या मुलाला वर्षभर बटण दाबून रिकाम्या हाताने घरी परतताना पाहिले, त्याने धाकट्याला कलाशाखेत घातले तर त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार आपणास नाही.

ही विद्या खरी करून दाखविता येते याचा पुरावा शोधण्यासाठी सातासमुद्रापार जाण्याचीही आवश्यकता नाही. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे अन्नतंत्रज्ञानातले डॉक्टर, मुंबईस हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ शास्त्रज्ञ. ती प्रतिष्ठेची नोकरी सोडून १९८३ साली ते पत्नीसह या अवर्षणप्रवण गावी आले आणि जे. पी. व चित्रा नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून त्यांनी विज्ञान आश्रम उभारला. मुद्दाम निवडलेले ते गाव होते: पाणी कमी, जमीन हलकी, महाराष्ट्रातल्या हजारो गावांसारखे सामान्य. जे येथे साधेल ते सर्वत्र साधेल, असा त्यांचा हिशेब होता. शाळेतून गळालेली किंवा दहावीत आपटी खाल्लेली मुले त्यांनी जवळ केली, आणि त्यांना शिकविण्यासाठी गावाच्या प्रत्यक्ष गरजा हाच अभ्यासक्रम मानला. गावाला विहिरीची जागा हवी, तर मुलांनी जमिनीचा विद्युत्‌रोध मोजून भूजलाचा अंदाज घ्यावयास शिकावे. गावाला स्वस्त छप्पर हवे, तर त्रिकोणांच्या जोडणीतून घुमटाकार घर उभारावयास शिकावे. पाबळचे हे घुमट पुढे १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात उभे राहिले.

आश्रमाची दुसरी कामगिरी माध्यमिक शाळांतली आहे आणि तिचा प्रसार व्हावा तितका अजूनही झालेला नाही. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या चार विभागांत हाताने काम करावे, ही ती योजना. तिला राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने विषय म्हणून मान्यता दिली. तिच्यातील सर्वांत मोलाची गोष्ट मला अशी वाटते की, हे विषय शिकविण्यासाठी पदवीधर शिक्षकाची वाट न पाहता गावातलाच गवंडी, वेल्डर, वायरमन वर्गात आणला जातो. ज्याला मुले आजवर कंपाउंडबाहेर काम करताना पाहत आली, तोच माणूस आता फळ्यापुढे उभा राहून ‘सर’ होतो. मुलेही सरावासाठी निरुपयोगी वस्तू बनवून फेकून देत नाहीत. शाळेची मोडकी बाके, गावकऱ्याचे फाटक, शेजारच्या शेतातील ठिबक यांची कामे घेतात, त्यांचा खर्च काढतात आणि पावती फाडतात. गृह व आरोग्य विभागात मुली रक्तगट तपासावयास शिकतात, आणि वर्गातल्या प्रत्येकीला आपला रक्तगट माहीत असतो, ही गोष्ट शहरातल्या पुष्कळ महाविद्यालयांविषयी सांगता येणार नाही. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने पाबळला संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडविण्याची जी फॅब लॅब निघाली ती एमआयटीच्या बाहेर निघालेल्या अशा अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक होती. पुढच्याच वर्षी, २००३ साली, डॉ. कलबाग निवर्तले, आश्रम मात्र त्यांच्या पश्चातही चालू आहे.

पाबळने दिलेला धडा कारखान्यांनाही जसाच्या तसा लागू पडतो, असे मी समजतो. तेथे मुलाला जे काम मिळते ते कोणाच्या तरी उपयोगाचे, म्हणून खरे असते. त्या कामाजवळ शिकविणारा माणूस उभा असतो आणि त्याचे ते मानाचे काम असते. शिकाऊ उमेदवार घेणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने निवृत्तीच्या जवळ आलेल्या एका अनुभवी मेस्त्रीला केवळ शिकविण्यासाठी मोकळे करावे, त्याच्या पगारातला काही वाटा विद्यावेतनाच्या वाट्याप्रमाणेच शासनाने उचलावा, आणि वर्षअखेरीस त्याच्या हाताखालच्या मुलांनी काय केले यावरून त्याची बढती ठरावी. ही सूचना काही क्रांतिकारक नाही. १९६१ च्या कायद्यात सूत्रे सोपवावयाचा जो अर्हताप्राप्त माणूस आहे, त्याला कागदावरून उचलून पाळीवर आणून उभे करणे एवढाच तिचा अर्थ आहे.

आता गौरवाचा प्रश्न राहिला. स्पेनमध्ये १९४७ साली तरुण कारागिरांची स्पर्धा सुरू झाली आणि १९५० साली माद्रिदला पोर्तुगालच्या सहभागाने ती आंतरराष्ट्रीय झाली. तिलाच आज वर्ल्डस्किल्स म्हणतात. युद्धाने पोळलेल्या युरोपात तरुणांनी पुन्हा हातांकडे वळावे यासाठी त्यांच्या कौशल्याला खेळासारखे प्रेक्षक मिळवून द्यावेत, ही ती दृष्टी. भिंत रचणारा, केक सजविणारा, रोबो जुळविणारा अशी बहुतांशी बावीस वर्षांच्या आतली मुले चार दिवस लोकांच्या डोळ्यांदेखत काम करतात आणि मिलिमीटरच्या अंशावर विजेता ठरतो. २०१९ साली कझानला भारताने एक सुवर्ण, एक रौप्य आणि दोन कांस्य पदके मिळवून तेरावे स्थान गाठले. २०२४ साली फ्रान्समधील लिऑनला चार कांस्यपदके मिळाली. क्रिकेटच्या एखाद्या साध्या सामन्याइतकी जागाही या वार्तांना आपल्या वृत्तपत्रांत मिळाली नाही. देशांतर्गत पाहावे तर, पदवीदान समारंभ विद्यापीठांत दीडशे वर्षे चालू असताना आयटीआयच्या मुलांसाठी देशपातळीवरचा पहिला दीक्षान्त समारंभ झाला तो १७ सप्टेंबर २०२२ रोजी, विश्वकर्मा जयंतीला. म्हणजे योजना सुरू झाल्यावर बहात्तर वर्षांनी. उशीर झाला खरा. तरी ज्या दिवशी तो झाला त्या दिवशी एखाद्या वेल्डरच्या आईने प्रमाणपत्र घेताना आपल्या मुलाला पाहिले असेल, याचा मला मनापासून आनंद आहे.

खंडेनवमीला आपण हत्यारे धुऊन पुसून, हळदकुंकू वाहून त्यांची पूजा करतो. ही परंपरा सुंदर आहे, आणि प्रत्येक संस्थेच्या कर्मशाळेत त्या दिवशी कानशी, हातोडे, लेथ झेंडूच्या माळांनी सजलेले दिसतात. पण पूजा हत्यारांची झाली, आणि ती हत्यारे धरणाऱ्या मुलाच्या नावाने गावात कोणी टाळीही वाजविली नाही, तर ती पूजा अर्धवट राहिली असेच म्हणावे लागेल.

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की, पतसंस्था, ज्ञातिमंडळे, गणेश मंडळे, नगरपालिका आणि वृत्तपत्रे गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार भरवतात. पाहुणे येतात, शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह देतात, शतकाच्या जवळ टक्केवारी गेलेल्या मुलांचे फोटो फलकावर झळकतात. या सत्कारांत वावगे काहीच नाही. परंतु माझी वाचकांस, आणि विशेषतः अशा मंडळांचे अध्यक्ष, चिटणीस व विश्वस्त असलेल्या वाचकांस, आग्रहाची विनंती आहे. येत्या वर्षी निमंत्रणपत्रिका छापावयास देण्यापूर्वी तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत स्वतः जाऊन यावे. जोडारी, संधाता, वीजतंत्री या विभागांच्या निदेशकांना त्यांचा सर्वांत चांगला मुलगा आणि सर्वांत चांगली मुलगी कोण, हे विचारावे. त्यांनी घडविलेला एखादा जॉब हाती घेऊन पाहावा. आणि त्यांची नावे दहावीच्या यादीच्या खाली, वेगळ्या रकान्यात नव्हे, तर त्याच यादीत, त्याच अक्षरांत छापावीत. व्यासपीठावर त्यांच्या शेजारी त्यांना शिकविणारा निदेशकही बसावा, आणि जवळच्या कारखान्यात एखादा मेस्त्री मुलांना खरोखर शिकवीत असेल तर त्यालाही बोलवावे. यासाठी शासनाच्या कोणत्याही आदेशाची किंवा अनुदानाची गरज नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक ठराव पुरेसा आहे.